यंदा आपट्याला पान नाही

हिंगोली,
भाद्रपद वद्य प्रतिपदा

चि. गोपाळ यास,

आशीर्वाद. पाकिटावर माझं अक्षर बघून आठ्या घालू नकोस. तुला घरी बोलवायला लिहीत नाही. तीन वर्षांत बोलावलं नाही, आता काय बोलावीन! एक गोष्ट कानावर घालायची आहे, ती दुसऱ्या कुणाकडून वाशीमला पोचायच्या आत. मोटारवाल्या रतनसिंगाच्या तोंडात तीळ भिजत नाही, ते तुलाही माहीत आहे.

छावणीच्या बागेतला आपला आपटा पिवळा पडायला लागला आहे.

घाबरायचं कारण नाही. पिवळा म्हणजे शेंड्याकडच्या दोन फांद्या. बाकी हिरवा आहे. पण यंदा हवाच अशी पडली की काय लिहू! मघा बऱ्या झाल्या, पोळ्याला बैलांच्या झुली भिजल्या, आणि तेव्हापासून आभाळानं पाठ फिरवली ती फिरवलीच. भाद्रपदात चैत्रासारखं ऊन आणि वर कोरडा वारा. बागेत जावं तर डोकं फिरतं. कडुनिंबाखाली होळीच्या आधी पडतो तसा पाचोळ्याचा थर. वैशाखात फुलणाऱ्या बहाव्याला आत्ता चार घोस लोंबत आहेत. झाडांना महिने कळेनासे झाले आहेत, दुसरं काय!

मी हे का लिहिते ते तुला बराबर कळलं असेल. बापूंनी शेवटच्या दिवशी आपल्या दोघांचे हात एकत्र धरून सांगितलं होतं, "त्या आपट्याला पान असेतो दसऱ्याचं सोनं एकमेकांना त्याच झाडाखाली द्यायचं." आयुष्यभर बागेचा दारोगा राहिलेला माणूस, मरतानाही झाडाचंच बोलला. तू शब्द दिलास, मीही दिला. पुढं माझ्या अनूसाठी तू आणलेलं ते बिजवराचं स्थळ मी चारचौघांत मोडलं, तेव्हा तू म्हणालास, तुझ्या उंबऱ्याला पाय लावणार नाही. मी म्हणाले, मीही वाशीमचं तोंड बघणार नाही. तरी दसऱ्याला तू येतोस. झाडाखाली उभा राहतोस, पान देतोस, पान घेतोस, एक अक्षर बोलत नाहीस, आणि सख्खी बहीण गावात असताना स्टेशनाजवळच्या धर्मशाळेत झोपून दुसऱ्या दिवशीच्या मोटारीनं जातोस. गाव हसतं. हसू दे. पण येतोस.

तेव्हा झाडाला पानं आहेत. भरपूर आहेत. कुणी काही सांगितलं तर ऐकू नकोस.

तुझी,
गंगूताई


हिंगोली,
भाद्रपद वद्य सप्तमी

चि. गोपाळ यास,

तुझं उत्तर आलं नाही. येईल असं मी धरलंही नव्हतं.

आता पिवळेपणा खालपर्यंत उतरला आहे. काल बागेत गेले, सकाळी गेले, जेवण उरकून पुन्हा गेले. तुझे दाजी म्हणतात, "तिथंच एक चूल मांड." कचेरीतून आले की आल्या आल्या विचारतात, "काय म्हणतो तुझा भाऊ?" म्हणजे झाड. या माणसाला थट्टेशिवाय दुसरं काही सुचत नाही. पण आज सकाळी बघते तर स्वतःच बारवेवरून दोन घागरी आणून बुंध्याशी ओतून गेलेले. धोतराचा काठ ओला होता म्हणून कळलं.

हो, पाणी घालणं सुरू केलं आहे. बागेचा चौकीदार उत्तमसिंग पहिल्यांदा अडवायला आला. "बाई, सरकारी झाड है, किसके हुकूम से?" म्हणाला. मी म्हटलं, "ज्यानं लावलं त्याच्या लेकीच्या हुकमानं." आता तर मलाच सांगतो, "और डालो, बाई, बहोत प्यासा है." अनूही दोन खेपा घालते. तिला मी नको म्हणते. एवढ्या उन्हात रंग रापेल, आणि आता ह्या दिवसांत बरं नाही. शिवाय पाहुण्यांना…

ते जाऊ दे. मुलीची जात, उन्हात फिरू नये, एवढंच.

डोंगरकड्याची चतुराबाई तूप घेऊन येते ना, ती झाड बघायला मुद्दाम बागेत आली. दोन्ही हात कमरेवर ठेवून म्हणाली, "काहून एवढ्या घोरात पडून राहिल्या बाई? हळदीचा पाला आना, बुडाशी दाबा. वरून पानी सोडा. ओल हालत न्हाई. आमी वाफ्यात तेच करतो." उद्या तिचा मुलगा गाडीभर पाला टाकून जाणार आहे.

उत्तरा निघाल्या आहेत. पडतील उत्तरा तर भात खाईना कुत्रा, असं बापू म्हणायचे. कुत्र्याची चंगळ राहू दे, आपट्यापुरतं पडलं तरी पुरे. आभाळात कापसाएवढा ढग नाही.

सौ. द्वारकेला आशीर्वाद. तिच्याशी माझं काही भांडण नाही.

गंगूताई


हिंगोली,
सर्वपित्री अमावास्या

चि. गोपाळ यास,

आज बापूंचं पान वाढलं. कावळा लगेच शिवला. तेव्हा बापूंची तरी काही तक्रार नसावी.

पाला दाबला आहे. रोज संध्याकाळी आळं काठोकाठ भरतो. काल हात लावून पाहिला, माती थंडगार होती, तेव्हा जरा जिवात जीव आला. पण रात्री वारा सुटला की मी उठून बसते. पत्र्यावर काही वाजलं की वाटतं पानंच आहेत. आता आपल्या घरापासून बाग केवढी लांब, तिथलं पान इथं कसं वाजेल? पण मनाला कोण समजावणार!

तुला एक विचारते. समजा, पानं थोडी विरळ असली तरी येशील ना? बापू "पान असेतो" म्हणाले होते. किती पानं ते म्हणाले नव्हते. एक असलं तरी असलंच की नाही? तू शाळेत पोरांना व्याकरण शिकवतोस, तूच सांग.

यंदा तुझ्याशी चार शब्द बोलायचे आहेत. भांडायचं नाही. बोलायचं आहे. ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. तू झाडाखाली उभा राहशील तेवढ्यात बोलून होईल, जास्त वेळ घेणार नाही.

आणि हो, त्या बिजवराच्या बाबतीत माझं चुकलं असं मी आजही म्हणणार नाही. मला न विचारता शब्द तू दिलास. बिजवर तो बिजवरच, मग तो हेडमास्तर का असेना. हे लिहायचं नव्हतं, पण लेखणी हातात आली की राहवत नाही.

गंगूताई


हिंगोली,
आश्विन शुद्ध पंचमी

चि. गोपाळ यास,

झालं. एक पान उरलं नाही.

परवा सकाळी गेले तर झाडाखाली पिवळा सडा. वर बघितलं, अर्धं झाड उघडं. काल आणखी. आज पूर्ण. वारा नाही, वादळ नाही, कुणी ओरबाडलं नाही. मी आणि अनू बुंध्याला पाठ लावून बसलो आणि पानं आमच्या अंगावर पडत राहिली. उत्तमसिंग झाडू हातात घेऊन नुसता उभा होता. मी त्याला म्हटलं, "झाडू नकोस रे बाबा, आज तरी."

चतुराबाईला निरोप पाठवला. आली, फांदी वाकवून बघितली, आणि कपाळावर हात मारला. "आवं बाई, आपनच केलं हे! उपाशी झाडाला येकदम एवढं पानी पाजलं, त्याला वाटलं मिरीग आला! जुनं समदं टाकून नवं धरून राहिलं ना ते!" खरंच, प्रत्येक पेरावर तांबूस कोंब आहे, मुंगीच्या डोक्याएवढा. चैत्रातली पालवी आश्विनात. तसंच राहू दिलं असतं तर पिवळी का होईना, दसऱ्यापर्यंत पानं टिकली असती. मीच घागरी ओतून ओतून घालवली. रडू आलं रे. पन्नाशीची बाई भर बागेत रडले.

शेजारच्या भिकाबाई म्हणतात, "एवढं काय त्यात? पलीकडं कांचन आहे, त्याची दोन पानं घ्या. दिसायला एकच. भावाला काय कळतंय!" तुला कळत नाहीच. सात वर्षांचा असताना दसऱ्याला ओंजळभर कांचनाची पानं आणून बापूंना "सोनं घ्या" म्हणाला होतास. मी हसले, आणि बापूंनी मला डोळ्यांनी दटावून ती पानं पगडीत खोवली. दिवसभर तशीच पगडी घालून हिंडले. म्हणजे मी कांचन पुढं केला असता तरी तुला पत्ता लागला नसता. पण बापूंच्या झाडाखाली उभं राहून तुला फसवायचं, हे माझ्याच्यानं होणार नाही. भांडेन, पण फसवणार नाही.

तेव्हा सांगते. झाडाला पान नाही. तू शब्दातून मोकळा झालास.

आता लपवण्यात अर्थ नाही, म्हणून बाकीचंही लिहिते. अनूचं लग्न ठरलं आहे. कळमनुरीचा मुलगा, शाळेत मास्तर आहे, प्रथमवर. मार्गशीर्ष शुद्ध दशमीचा मुहूर्त आहे. आपल्या घरची रीत तुला ठाऊक आहे: पहिली अक्षत देवाला, दुसरी मामाच्या हातात. मामाला पोस्टानं बोलावत नाहीत. तू माझा उंबरा चढत नाहीस, मी वाशीमला यायची नाही, मग अक्षत द्यायची तरी कुठं? त्या झाडाखालीच देता आली असती. म्हणून एवढी तडफड चालली होती. मुलगी बोहल्यावर चढताना तिच्या पाठीशी मामा उभा असतो. अनू रोज विचारते, "मामा येईल ना?" मी म्हणते, "पानं बघ किती आहेत!"

आता तिला काय सांगू?

गंगूताई


हिंगोली,
आश्विन शुद्ध अष्टमी

चि. गोपाळ यास,

हे पत्र टाकीन की नाही ठाऊक नाही.

वारा अजून कोरडाच आहे. मी घरात या खोलीतून त्या खोलीत फिरून राहिले. फराळाला बसले तर उठले, वाती वळायला घेतल्या तर टाकल्या. भिकाबाई म्हणाल्या, मामाच्या जागी चुलतमामा उभा करता येतो. मी असं काही बोलले की त्या आपला ताकाचा तांब्या न घेताच गेल्या.

दाजी मघाशी म्हणाले, "तुम्ही दोघं बहीणभाऊ म्हणजे, एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं." मी म्हटलं, "थट्टा पुरे." तर म्हणाले, "थट्टा नाही. दसऱ्याला लोक काय करतात? गावाची शीव ओलांडतात. तू कधी ओलांडलीस?" आणि वर्तमानपत्र उघडून बसले.

बायका कुठं सीमोल्लंघनाला जातात? काहीतरीच!

गंगूताई


वाशीम,
विजयादशमी

चि. गोपाळ यास,

हे पत्र तुझ्याच घरी बसून, तुझ्याच दौतीत टाक बुडवून लिहिते आहे. हसू की रडू कळत नाही.

आज पहाटे उठले, न्हाले, अक्षतांची पुडी घेतली. दाजी जागेच होते. म्हणाले, "माझ्याकडं काय बघून राहिलीस? रतनसिंग थांबायचा नाही. भात मी टाकतो." अनूनं माझी पिशवी मोटारीपर्यंत आणून दिली. रतनसिंगानं मला पुढच्या बाकावर बसवलं आणि म्हणाला, "बाई, तुमी कदी वाशीमला येनार न्हाई म्हनत होत्या ना?" मी म्हटलं, "मोटार चालव."

कनेरगावच्या नाक्यावर करोडगिरीच्या शिपायानं जकातीसाठी पिशवी उघडून बघितली. पैनगंगा ओलांडली. नदीला घोट्याएवढं पाणी. पलीकडच्या चढावर वाशीमकडची मोटार समोरून आली. एरवी दसऱ्याला तिथं चिखल असतो, दोन्ही मोटारी जपून जातात, थांबून रामराम करतात. यंदा फुफाटा! दोन हातांवरचं दिसेना. मी पदर तोंडावर ओढून घेतला आणि डोळे मिटले. मोटार गेली तरी बराच वेळ खोकत होते.

तुझ्या दारात उतरले. उंबऱ्याशी क्षणभर थांबले, खोटं कशाला बोलू! मग आत पाऊल टाकलं. द्वारका पुरण वाटत होती. "अगंबाई, वन्सं!" म्हणून तशाच भरल्या हातानं पाया पडली, आणि मग तिचं तोंड उतरलं. "आणि हे तर तिकडं गेले!"

"कुठं?"

"हिंगोलीला. सकाळच्या मोटारीनं."

मी तिथंच खाली बसले. ती सांगत होती. परवा माझं पत्र वाचून तू म्हणालास, "पान नाही म्हणते. आता तिथं कशाला जायचं?" आज उजाडता उजाडता अंघोळ केलीस, शाळेच्या आवारातल्या झाडाचं पान खिशात घातलंस, वहाणा चढवल्यास. तिनं विचारलं, "झाडाला पान नाही ना?" तर तू म्हणालास, "नसू दे. ताई तिथं उभी असेल."

आणि मी नव्हते रे गोपाळ! पहिल्यांदाच तू शब्दासाठी नाही, माझ्यासाठी आलास, आणि मी झाडाखाली नव्हते. त्या उघड्या आपट्याखाली तू एकटा किती वेळ उभा राहिला असशील? उत्तमसिंगानं सांगितलं असेल ना, बाई मोटार में गई म्हणून? तो दुपारचा झोपतो, मेला. त्या फुफाट्यात तूही उपरणं तोंडावर घेतलं असशील. हातभर अंतरावरून गेलो आपण. नुसतं डोळे उघडून बघितलं असतं तरी झालं असतं.

आता नीट ऐक. इथल्या गोपीचंदशेठची लॉरी सरकी भरून आत्ता हिंगोलीला निघाली आहे. तिच्यात बसायला जागा नाही, आणि सणाच्या दिवशी द्वारका मला उपाशी सोडत नाही, म्हणून हे पत्र पुढं पाठवते. ड्रायव्हरला सांगितलं आहे, आधी धर्मशाळेत बघ, तिथं नसेल तर दाजींच्या घरी. तू धर्मशाळेत असशील तर आत्ता उठ आणि घरी जा. दाजींनी भात टाकला असेल, तो करपलेला असेल, निमूट खा. अनूला जवळ घे, ती सकाळपासून वाट बघत असेल. उद्याच्या मोटारीत अजिबात बसू नकोस. मी रतनसिंगाच्या मोटारीनं येते आहे. तू तिकडून निघालास, मी इकडून निघाले, तर पुन्हा त्या चढावर तेच होईल. एकानं तरी जागेवर थांबायला पाहिजे. यंदा तू थांब.

अक्षत मी द्वारकेच्या ओटीत घातली. मामाला बोलावणं झालं. आता रुसायला जागा नाही.

पाकिटात एक पान ठेवलं आहे. आपल्याच आपट्याचं, पंचमीला अनूच्या केसांत अडकलं होतं ते. वाळलं आहे, पिवळं आहे. पडलेलं पान सोनं म्हणून देत नाहीत, मला रीत माहीत आहे. पण जमिनीला टेकू दिलं नव्हतं, म्हणून आणलं. घे.

आणि मघाशी मी शाळेच्या आवारात जाऊन आले. तू खिशात घालून नेलंस ते आपट्याचं पान नाही. तो कांचन आहे, गाढवा. चाळीस वर्षांचा झालास तरी तुला कळत नाही. टाकून मात्र देऊ नकोस. मी उद्या येते, मला दे.

तुझी,
ताई